फोटोंची अमानत

(घरातले फोटो जपून ठेवावेत असे सर्वांनाच वाटते, पण जपणे म्हणजे नेमके काय करणे, हे फार थोड्यांना माहीत असते. संगणकावरील मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने फोटो कसे लावावेत, कसे दुरुस्त करावेत आणि इतरांना कसे द्यावेत, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातले जुने फोटो कोठे ठेवलेले असतात? बहुतेक घरांत ते पलंगाखालच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर असतात. आणि नवे फोटो? ते अब्बांच्या नाहीतर भाईजानच्या मोबाइलमध्ये असतात. म्हणजे जुने फोटो एका पेटीत आणि नवे फोटो एका मोबाइलमध्ये. हे कितपत सुरक्षित आहे? याचे उत्तर मला कुर्ल्यातच, शाळेत असताना मिळाले.

२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या कुर्ल्याजवळून मिठी नदी वाहते. विहार आणि पवई या तलावांतून बाहेर पडणारे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. त्या दुपारी समुद्राला मोठी भरती होती, त्यामुळे नदीचे पाणी खाडीत उतरेना. ते वस्त्यांमध्ये शिरले.

मी तेव्हा आठवीत होतो. आमचे घर तळमजल्यावर होते. पाणी वाढू लागले तेव्हा अम्मीने आम्हां भावंडांना वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाठवले. अब्बांनी रेशन कार्ड, शाळेचे दाखले आणि थोडे धान्य वर नेले. पलंगाखालच्या पेटीची आठवण कोणालाच झाली नाही. तिच्यात आमच्या घरातले सगळे फोटो होते. दादाजानचा फोटोही त्यातच होता. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. माझ्यासाठी दादाजान म्हणजे तो एकच फोटो होता.

दोन दिवसांनी आम्ही अल्बम बाहेर काढला आणि तसाच बंद ठेवून उन्हात वाळवला. वाळल्यावर त्याची जणू एक वीट झाली. पान उघडायला गेलो की चेहरे सोलून निघत. असे का झाले, ते मला पुष्कळ वर्षांनी समजले. कागदावरच्या फोटोत चित्र एका पातळ थरात असते. हा थर जिलेटिनचा असतो. पाण्याने तो मऊ होतो आणि वाळताना समोरच्या कागदाला घट्ट चिकटतो. म्हणून भिजलेले फोटो एकमेकांवर ठेवून कधी वाळवू नयेत. ते ओले असतानाच स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने वेगळे करावेत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत सुटे सुटे वाळवावेत. आम्हांला हे माहीत नव्हते.

मग दादाजानचा फोटो गेला का? नाही. मालेगावला राहणाऱ्या फूफीकडे त्याच फोटोची एक प्रत होती. तिने ती टपालाने पाठवली. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. आमचा फोटो पेटीमुळे वाचला नव्हता. त्याची प्रत दुसऱ्या गावी होती, म्हणून तो वाचला.

आजचा डिजिटल फोटो पाण्याने भिजत नाही. पण मोबाइल लोकलच्या गर्दीत चोरीला जातो, पाण्यात पडतो किंवा एक दिवस अचानक बंद पडतो. पेटी बुडाली काय आणि मोबाइल हरवला काय, नुकसान सारखेच. फरक एवढाच, की डिजिटल फोटोच्या हव्या तितक्या नकला काढता येतात आणि प्रत्येक नक्कल अगदी मूळ फोटोसारखीच असते. हा फायदा करून घ्यायचा असेल, तर फोटो नीट लावावे, दुरुस्त करावे आणि वाटावे लागतात.

या कामांसाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते. येथे एक शब्द नीट समजून घ्या. उर्दूत 'मुफ्त' आणि 'आझाद' हे दोन निराळे शब्द आहेत. मराठीतही 'मोफत' आणि 'मुक्त' निराळे आहेत. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी 'फ्री' हा एकच शब्द वापरतात आणि त्यामुळे घोटाळा होतो. मोफत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचे पैसे पडत नाहीत ते. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कोणीही वापरावे, आतून कसे चालते ते पाहावे, त्यात बदल करावा आणि दुसऱ्याला द्यावे, अशी परवानगी असलेले. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' नावाची योजना जाहीर केली. तेव्हापासून ही चळवळ वाढत गेली.

या फरकाचे महत्त्व एका उदाहरणावरून पटेल. पिकासा नावाचे फोटो लावण्याचे एक लोकप्रिय सॉफ्टवेअर होते. गूगल कंपनीने ते २००४ मध्ये विकत घेतले आणि लोकांना मोफत दिले. २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केले. ते मोफत होते, पण मुक्त नव्हते. त्याच्या आतील आज्ञा कंपनीने खुल्या केलेल्या नव्हत्या, म्हणून बाहेरच्या कोणाला ते पुढे चालवता आले नाही. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतला, तरी दुसरे लोक ते काम पुढे नेऊ शकतात.

आता कामाला लागू या.

पहिले काम फोटो लावण्याचे. यासाठी 'डिजिकॅम' हे मुक्त सॉफ्टवेअर चांगले आहे. ते विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालते. मोबाइल संगणकाला जोडून फोटो त्यात उतरवून घ्या. बहुतेक डिजिटल फोटोंच्या पोटात थोडी माहिती लपलेली असते. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढला, हे त्यात लिहिलेले असते. त्या माहितीवरून डिजिकॅम फोटो तारखेप्रमाणे लावून देतो.

फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ, '२०२४-०४-११ ईद'. असे केले की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या वर्षांतल्या अकरा तारखा एका ठिकाणी जमा होतील. नुसते 'ईद' असे नाव तर मुळीच देऊ नका. ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ ची ईद-उल-फित्र ११ एप्रिलला होती आणि २०२५ ची ३१ मार्चला. काही वर्षांनी कोणती ईद कोणती, हे कोण सांगणार?

यानंतर फोटोंना खुणेचे शब्द जोडा: 'नानी', 'मालेगाव', 'शाळा'. पुढे नुसते 'नानी' असे शोधले, तर नानीचे सगळे फोटो एकदम समोर येतात. जुन्या फोटोंसाठी मात्र संगणक उपयोगाचा नाही. त्यांच्यातली माणसे कोण, हे दादी-नानीच सांगू शकतात. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि नावे लिहून घ्या. हे काम आजच करा.

दुसरे काम दुरुस्तीचे. यासाठी 'जिंप' वापरतात. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते बनवायला सुरुवात केली. पाहा, विद्यार्थ्यांनी सुरू केलेले काम आज जगभर चालते आहे!

पेटीतल्या जुन्या फोटोचा आधी डिजिटल फोटो घ्या. तो खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता घ्या; नाहीतर कागदावर चकाकी येते. मग तो जिंपमध्ये उघडा. वाकडा असेल तर सरळ करा, कडेचा नको असलेला भाग कापा, अंधार असेल तर उजेड वाढवा. डाग पुसण्यासाठी जिंपमध्ये एक हत्यार आहे. ते डागाशेजारच्या चांगल्या भागाचा रंग घेऊन डागावर बसवते. दोन नियम मात्र पाळा. मूळ फोटोला हात लावू नका. दुरुस्ती नेहमी त्याच्या नकलेवर करा आणि ती नव्या नावाने साठवा. दुसरा नियम असा, की डाग पुसा, पण माणूस बदलू नका. दादाजानचा चेहरा उजळ करणे ही दुरुस्ती आहे. त्यांच्या अंगावर नवी शेरवानी चढवणे म्हणजे खोटी साक्ष देणे आहे.

हे सगळे शिकायला लांब जावे लागत नाही. ज्या पवई तलावाचे पाणी मिठीत येते, त्याच तलावाजवळ आय.आय.टी. मुंबई ही संस्था आहे. या संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ तयार केले आहेत. त्यांत जिंपचेही पाठ आहेत आणि पुष्कळ पाठ मराठीतून ऐकता येतात.

तिसरे काम वाटण्याचे. वाटल्याने फोटो सुरक्षितही होतात. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी पेन ड्राइव्हसारख्या वेगळ्या साधनावर आणि तिसरी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवर. इंटरनेटवरची मोफत जागा कायमची आहे असे समजू नका. गूगल फोटोजमध्ये पूर्वी कितीही फोटो मोफत ठेवता येत; १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला, तर तो लहान होऊन जातो. मूळ फोटो पाठवायचा असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फोटोच्या पोटात कधी कधी तो काढल्याची जागाही नोंदलेली असते. परक्या माणसाला फोटो देण्यापूर्वी ती नोंद काढून टाका. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नका. तुमच्या बहिणीचा, वर्गमैत्रिणीचा किंवा शेजाऱ्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असला, तरी तो तुमच्या मालकीचा नसतो. तो त्यांनी तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेला असतो. तो जपणे हे जितके कर्तव्य आहे, तितकेच तो चुकीच्या हाती जाऊ न देणे हेही कर्तव्य आहे.

फूफीने पाठवलेला तो फोटो आज माझ्याकडे आहे. त्याच्या एका कोपऱ्यातला डाग मी जिंपने पुसला आहे. पण डाग असलेला मूळ फोटोही तसाच ठेवला आहे. दोन्हींच्या प्रती कुर्ल्यात आहेत आणि मालेगावातही आहेत. मिठीला पुन्हा पूर आला, तरी दादाजान आता बुडणार नाहीत.

शब्दार्थ
अमानत – विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू
वेधशाळा – हवामानाची नोंद ठेवणारी जागा
भरती – समुद्राचे पाणी वर चढणे
प्रत – नक्कल
आज्ञा – हुकूम
हात आखडता घेणे – मदत किंवा काम कमी करणे
साक्ष – गवाही

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिठी नदी कोठे मिळते?
(आ) दादाजानच्या फोटोची प्रत कोणाकडे होती?
(इ) जिंप बनवायला कोणत्या वर्षी सुरुवात झाली?
२. कारणे द्या.
(अ) भिजलेला अल्बम वाळल्यावर विटेसारखा झाला.
(आ) पिकासा बंद पडल्यावर बाहेरच्या कोणाला ते चालवता आले नाही.
(इ) फोल्डरला नुसते 'ईद' असे नाव देऊ नये.
३. 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : घरातील एक जुना फोटो घ्या. त्यातील माणसांची नावे, ठिकाण आणि वर्ष घरातील मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा.