मन थकले तर रजा कोणाकडे मागावी?



हर्नडनला मुलीकडे राहायला आल्यापासून शेजारच्या मराठी मुलांशी ओळख झाली. गाव डलेस विमानतळाच्या लगत, आणि आजूबाजूला संगणक कंपन्यांच्या कचेऱ्याच कचेऱ्या. सोलापूरकडचा एक मुलगा शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येतो. तीन महिने त्याला धड झोप नव्हती. एकदा म्हणाला, "आजी, डॉक्टरकडे गेलो आणि ऑफिसात कळलं तर? नोकरी गेली तर व्हिसावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात." मी जन्मभर मास्तरीण, वकील नव्हे. पण कायदा वाचून सोपा करून सांगणे हे मास्तरकीचेच काम, म्हणून कागद घेऊन बसले.

पहिली गोष्ट ही की, अमेरिकेत मोठ्या माणसाने आठवड्याला किती तास काम करावे याला केंद्रीय कायद्यात सीमाच नाही. 1938 चा कायदा चाळीस तासांपुढे दीडपट मजुरी द्यायला लावतो, पण पगारदार संगणकवाले बहुधा त्यातून वगळलेले. इस्राएलमध्ये 1951 च्या कायद्याने आठवड्याला सलग 36 तासांची विश्रांती ठरवून दिली, त्याची किंमत इथे येऊन कळते. आपले पूर्वज कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागत नसे!

या व्हर्जिनियात 2004 साली मोठी गंमत झाली. विधिमंडळाने जुने कायदे साफ करताना सवलतींची कलमे चुकून पुसली, आणि कामगाराला शनिवार किंवा रविवार सुटी मागण्याचा हक्क एकाएकी जिवंत झाला. कारखानदार घाबरले. जुलैत खास अधिवेशन भरवून चूक दुरुस्त केली. विश्रांतीचा हक्क चुकून मिळाला तर तो काढून घ्यायला किती घाई!

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते. दोन कायदे त्याच्या उपयोगाचे होते. 1990 चा अपंगत्वविषयक कायदा 15 किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला लागू होतो. त्यात तीव्र नैराश्यासारखे मनाचे आजारही येऊ शकतात. कामाची वेळ बदलणे, शांत जागा देणे अशी वाजवी सोय मागता येते, आणि आजाराची माहिती मालकाला वेगळ्या फायलीत गुप्त ठेवावी लागते. नोकर कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे हा कायदा विचारत नाही.

दुसरा 1993 चा रजेचा कायदा. मालकाकडे 75 मैलांच्या आत 50 नोकर हवेत. आपली नोकरी बारा महिन्यांची आणि मागच्या वर्षातले काम 1250 तासांचे हवे. मग वर्षात बारा आठवडे रजा मिळते. पगार नाही, पण आरोग्यविमा चालू राहतो. रजा सलगच घ्यावी असेही नाही. उपचारासाठी गरज असेल तर थोडे थोडे तास घेता येतात. डॉक्टरांच्या दाखल्यात आजाराचे नाव लिहावेच लागत नाही, आणि थेट वरच्या साहेबाने डॉक्टरांना फोन करण्यास मनाई आहे. हे वाचून दाखवले तेव्हा मुलगा खुर्चीत सरळ बसला.

कायदा कागदावर असला म्हणजे झाले असे मात्र नाही. 2024 च्या जुलैत पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीतील 26 वर्षांची मुलगी नोकरीच्या चौथ्या महिन्यात वारली. कामाच्या ओझ्याने ती खचली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून कळवले. कंपनीने ते मान्य केले नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात तेव्हा दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. पण कामगार अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा त्या कचेरीची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. तास मोजणार कोण?

आमच्या मुलाने दाखला थेट मनुष्यबळ विभागात दिला. दर बुधवारी दुपारी दोन तास सुटी मंजूर झाली. साहेबाने कारण विचारले, तर "वैद्यकीय" एवढेच सांगायचे, हे आम्ही दोघांनी घरी तीनदा घोकले होते.