मालिकेत काम कसे मिळते?

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले. त्या वेळी टीव्ही म्हणजे शहरातल्या थोड्या घरांची चैन होती. आज खेड्यातही रात्रीचे जेवण मालिका बघत होते. बघता बघता एखाद्या पोराच्या, एखाद्या सुनेच्या मनात येते, "असे काम मलाही जमेल की!" यात वावगे काही नाही. तमाशा, दशावतार, भारूड यांतून आपल्या मातीने किती तरी कलावंत दिले. पण वाट ठाऊक नसली की माणूस फसतो. म्हणून ती वाट आज आपण समजून घेऊ.

मालिका तयार करतो त्याला निर्माता म्हणतात. कोणत्या कामाला कोण शोभेल, हे पाहायला तो एक माणूस नेमतो. त्याला कास्टिंग डायरेक्टर म्हणतात. हा माणूस पुष्कळ जणांची परीक्षा घेतो. तिचे नाव ऑडिशन. तुम्हाला चार-सहा वाक्ये देतात. ती पाठ करून कॅमेऱ्यासमोर बोलायची. आधी आपले नाव, वय आणि उंची सांगायची. चेहरा समोरून आणि बाजूने दाखवायचा. हल्ली हे घरी मोबाइलवर चित्रित करून पाठवले तरी पुष्कळदा चालते. उजेड तोंडावर घ्यावा, मागे साधी भिंत असावी, आवाज स्पष्ट यावा. झाले! याला खर्च तो काय?

पहिल्याच खेपेला नायकाचे काम बहुधा मिळत नाही. पोस्टमन, शेजारीण, भाजीवाला अशी दोन-चार वाक्यांची कामे मिळतात. चित्रीकरण बारा-बारा तास चालते. पैसे दिवसाच्या हिशोबाने ठरतात, पण हातात पडायला दोन-तीन महिनेही लागतात. नकार तर कितीदा तरी ऐकावा लागतो. तेव्हा मुंबई गाठण्याआधी पोटापाण्याची सोय बघावी. हातातले काम एकदम सोडू नये.

मग शिकायचे कुठे? सुरुवात गावातच करा. गणपतीत, जत्रेत नाटक बसते, त्यात उभे राहा. हौशी मंडळींसाठी राज्य नाट्य स्पर्धा पुष्कळ वर्षांपासून होत आली आहे. तिथे आवाज सुटतो, भीड चेपते. आपल्या बोलीची लाज धरू नका. 'लागिरं झालं जी' ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात दाखवली गेली. तिचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात झाले आणि तिच्यातली माणसे तिकडचीच बोली बोलत. मात्र प्रमाण भाषाही स्वच्छ बोलता यावी. रोज मोठ्याने वाचन करा. तुम्ही आता वाचू लागला आहात, त्याचा हा एक उपयोग!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खुरपणीला जाताना आपण मालकाला पैसे देतो का? नाही. मजुरी आपल्याला मिळते. इथेही तसेच आहे. फोन येतो, "तुमच्या मुलीची निवड झाली, नोंदणीचे दहा हजार भरा." मग फोटोंचे पैसे, कार्डाचे पैसे, पोशाखाचे पैसे. अंगावरचे डाग गहाण पडतात आणि फोन बंद होतो. काम मिळवून देणारा मध्यस्थ आपला वाटा घेतो, पण तो मिळालेल्या पैशांतून. आधी पैसे मागेल तो ठग समजावा. असे पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

बायाबापड्यांना आणि पोरींना आमचे आणखी एक सांगणे आहे. परीक्षेसाठी कुणी रात्री किंवा हॉटेलच्या खोलीत बोलावले, तर जाऊ नका. दिवसा जा, सोबत घरचे माणूस न्या. लहान मुलांसाठी तर कायदाच आहे. दिवसाला पाच तासांहून जास्त काम त्यांना देता येत नाही. त्यांच्या कमाईचा निदान पाचवा हिस्सा त्यांच्याच नावाने बँकेत ठेवावा लागतो.

हौस जरूर करावी, पण घर विकून करू नये. तुमच्या घरात कुणाला हा नाद असेल, तर त्याला रागावू नका. हे पान त्याला मोठ्याने वाचून दाखवा.