दूरनियंत्रित विद्युत गाड्या : बॅटरीचे विभवांतर आणि शक्तीचे सातत्य
दूरनियंत्रित विद्युत गाडीसाठी बॅटरीची निवड बहुधा मिलिअँपिअर-तासांचा आकडा पाहून केली जाते. त्यावरून गाडी किती काळ धावेल याचा अंदाज येतो. वेग कितपत टिकेल, हे मात्र अंतर्गत रोधावर अवलंबून असते, आणि तो वेष्टनावर क्वचितच छापलेला असतो. दोन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण प्रभारित असता ८.४ व्होल्ट दर्शविते. तिचा रोध २० मिलिओहम असून मोटरने ५० अँपिअर धारा घेतल्यास १ व्होल्ट बॅटरीतच खर्ची पडतो व ५० वॅट उष्णतेत जातात. बॅटरी जुनी होता, तसेच थंडीत, हा रोध वाढतो. म्हणून गाडी उभी असताना घेतलेले मापन फसवे ठरते. विभवांतर मोटर भाराखाली असतानाच मोजावे लागते.