रुपेरी पडदा आणि मतपेटी : तमिळनाडूतील संशोधनाचा बोध

एखादा लोकप्रिय नट निवडणूक जिंकून मुख्यमंत्री झाला, की आपण सुशिक्षित माणसे एका वाक्यात त्याचा निकाल लावतो : लोक भाबडे आहेत, पडद्यावरचा देव त्यांना खराच वाटतो. १९८३ च्या जानेवारीत एन. टी. रामाराव आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा मी हैदराबादेत शाळेत शिकत होतो. आमच्या गुरुजींनी वर्गात हेच वाक्य उच्चारले होते. पुढे शिक्षक झाल्यावर मीही ते अनेकदा विद्यार्थ्यांना ऐकवले. ते किती अपुरे आहे, हे तमिळनाडूविषयीचे सामाजिक संशोधन वाचल्यावर ध्यानात आले. त्या संशोधनाचा अल्प परिचय करून देणे, हा ह्या लेखाचा हेतू होय.

प्रथम घटनाक्रम पाहू. द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष १९४९ साली स्थापन झाला. त्याच वर्षी त्याचे संस्थापक अण्णादुराई ह्यांच्या लेखणीतून उतरलेला 'वेलैक्कारी' हा चित्रपट आला. १९५२ च्या 'पराशक्ति'चे संवाद करुणानिधींचे होते. १९६७ साली पक्ष सत्तेवर आला आणि अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. १९६९ साली करुणानिधी त्या पदावर आले. नट एम. जी. रामचंद्रन ह्यांनी १९७२ साली वेगळा पक्ष काढला. १९७७ पासून १९८७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, १९८० मधील काही महिने वगळता, तेच मुख्यमंत्री होते.

हे तेथेच का घडले? श्रीलंकेतील तमिळ विद्वान कार्तिगेसु शिवतंबी ह्यांनी एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधले. तमिळ समाजातील सर्व थर एका छपराखाली प्रथम बसले ते चित्रपटगृहात. आणि तेथील जागा जन्माने नव्हे, तर तिकिटाच्या पैशाने ठरत असे. ज्यांना अन्यत्र उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, त्यांना ही बैठक केवळ करमणूक वाटली नसेल, हे उघड आहे. थिओडोर भास्करन ह्यांनी त्यामागचा इतिहास शोधला. स्वातंत्र्याच्या चळवळीत तमिळ नाटकमंडळ्यांतील नटांनी भाग घेतला होता. रंगभूमीने घालून दिलेल्या वाटेनेच पुढे चित्रपट गेला.

परंतु केवळ कीर्तीने मते मिळतात काय? ह्याचे उत्तर शिवाजी गणेशन ह्यांच्या चरित्रात सापडते. अण्णादुराईंनी छत्रपती शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या नाटकात त्यांनी महाराजांची भूमिका केली आणि पेरियार रामस्वामींनी त्यांना 'शिवाजी' हे नाव दिले. अभिनयात त्यांची बरोबरी करणारे थोडेच. तरीही १९८८ साली स्वतःचा पक्ष काढून १९८९ ची निवडणूक तिरुवैयारू येथून लढविली, तेव्हा ते पराभूत झाले. लोक निव्वळ भाबडे असते, तर असे घडते ना!

मग रामचंद्रन ह्यांच्यापाशी अधिक काय होते? एक तर प्रतिमेचे सातत्य. 'पडगोट्टी'मध्ये (१९६४) नावाडी, 'विवसायी'मध्ये (१९६७) शेतकरी, 'रिक्शाक्कारन'मध्ये (१९७१) रिक्षा ओढणारा : कष्टकऱ्याचा कैवारी हीच त्यांची भूमिका. मद्यपान करणारा नायक त्यांनी कटाक्षाने टाळला. दुसरे म्हणजे संघटना. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट हार्डग्रेव्ह ह्यांनी दाखविले की चाहत्यांची मंडळे ही केवळ जयघोष करणाऱ्यांची टोळकी नव्हती. निवडणुकीत तीच पक्षाचे हातपाय बनत.

येथून अभ्यासकांचे मतभेद सुरू होतात. एम. एस. एस. पांडियन ह्यांनी १९९२ च्या ग्रंथात बोचरा प्रश्न विचारला : ज्या सरकारचा मोठा भार दारूवरील करावर आणि सामान्यांच्या खरेदीवर होता, त्याला गरिबांनीच का उचलून धरले? त्यांच्या मते लोकगाथांतील वीरांच्या साच्यात बसविलेली ती प्रतिमा हाच एक सापळा होता. सारा डिकी ह्यांनी मात्र मदुरैच्या वस्त्यांत राहून प्रेक्षकांनाच बोलते केले. त्यांना आढळले की पडदा आणि जीवन ह्यांतील अंतर ह्या माणसांना पुरते ठाऊक असते. घटकाभर विसावा हवा म्हणून ती जाणूनबुजून ते अंतर विसरतात.

माझ्या अल्प मतीप्रमाणे दोन्ही प्रतिपादनांत तथ्य आहे. तथापि १९८२ साली सुरू झालेली शाळेतील माध्यान्ह भोजनाची मोठी योजना विसरता येणार नाही. लेकराच्या ताटातला भात ही काही पडद्यावरची सावली नव्हे. आईने त्यासाठी मत दिले असेल, तर तिला भाबडी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न आपल्याही दाराशी येतो. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटक पौराणिक होते. पण प्रेक्षक त्यात काय पाहतात, हे सरकारला बरोबर उमगले होते. आपण मात्र ते शिकविताना संहितेपाशीच थांबतो. सत्यशोधक जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील शाहिरांचे फड ह्यांचे शब्द आपण जपले. ऐकणारे कोण होते, कोठे बसले, घरी जाताना काय बोलले, हे फारसे कोणी विचारले नाही. ते फड ऐकलेली बेळगावकडील पिढी आज वार्धक्यात आहे. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील अशा दोन-चार वृद्धांच्या आठवणी विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतल्या, तरी अकादमीच्या दप्तरी मोलाची भर पडेल. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

ते जुने वाक्य मी आता वर्गात उच्चारत नाही. त्याऐवजी मुलांना विचारतो, 'लोकांना त्यात काय दिसले असेल?' उत्तर देण्यापूर्वी मुले थोडा वेळ गप्प राहतात. अभ्यासाचा आरंभ तेथेच होतो.