जुन्या गाडीला मोठे इंजिन बसवावे की टर्बो?

भिवंडीहून माल भरून जित्याला परतताना पनवेल सुटले की कर्नाळ्याची चढण लागते. रिकाम्या गाडीला ती जाणवतही नाही. पण मागच्या सीटवर आणि डिकीत कापडाचे तागे कोंबलेले असले की आमची 2003 सालची मारुती झेन धापा टाकू लागते. गेल्या पावसाळ्यात तर दुसऱ्या गिअरवर आणूनही ती चढेना, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून आमची पुरती शोभा केली. घरी आल्यावर हा किस्सा सांगितला तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, टर्बो बसवून घ्या." मिस्त्री म्हणाला, "शेठ, टर्बोच्या भानगडीत पडू नका, एस्टीमचे इंजिन टाकू, गाडी पळेल." दोघांचे बोलणे ऐकून आम्ही चार-पाच ठिकाणी चौकशी केली, कायदाही पाहिला. त्यातून जे समजले ते वाचक बंधूंसमोर ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या आमचा नाही.

आपल्यातले कितीतरी व्यापारी आणि कारागीर झेन, मारुती 800, ओम्नी, सँट्रो यांसारख्या जुन्या गाड्यांवर धंदा चालवतात. नवी गाडी घ्यायची म्हणजे बँकेचे कर्ज, आणि कर्ज म्हणजे व्याज. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याला हातातली रोकड जुन्या गाडीतच घालावीशी वाटते. इरादा नेक आहे, पण रोकड कशात घालतो हे मात्र पाहिले पाहिजे.

इंजिनाची ताकद पेट्रोलने येते असे आपण म्हणतो. खरे तर ती हवेवर ठरते. सिलिंडरमध्ये जितकी हवा शिरेल तितकेच पेट्रोल जळू शकते. म्हणून ताकद वाढवण्याचे मुख्य मार्ग दोनच. एक तर सिलिंडर मोठे करा, म्हणजे मोठे इंजिन बसवा. नाही तर आहे त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरा, म्हणजे टर्बो बसवा.

इंजिन बदलणे हे आपल्याकडे नवीन नाही, खुद्द कारखान्यांनी ते केले आहे. 1985 साली आलेल्या प्रीमिअर 118 एनई गाडीची बॉडी फियाट 124 ची होती आणि इंजिन निसानचे, 1171 सीसीचे. त्यातल्या 'एनई'चा अर्थच निसान इंजिन. अँबेसेडरलाही पुढे इसुझूचे 1800 सीसी इंजिन बसले. पण कारखाना इंजिन बदलतो तेव्हा गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर यांचा हिशेब मांडून चाचणी घेतो आणि सरकारची मंजुरी मिळवतो. गॅरेजमध्ये यातले फारच थोडे होते.

झेन आणि एस्टीमची गोष्ट अशी की दोघींची इंजिने सुझुकीच्या एकाच घराण्यातली आहेत. झेनचे 993 सीसीचे, नंतरच्या मॉडेलमध्ये 60 हॉर्सपॉवरचे. एस्टीमचे 1298 सीसीचे, एमपीएफआयमध्ये 85 हॉर्सपॉवरचे. त्यामुळे हौशी लोकांनी ही अदलाबदल पुष्कळ केली. नुसते इंजिन आणून भागत नाही. गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीएम, ड्राईव्ह शाफ्ट असा पूर्ण सेट एकाच गाडीचा हवा, आणि वाढलेल्या वेगाला आवरणारे ब्रेकही हवेत. मोठ्या इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते कमी फेऱ्यांतही ओढते. ओझे घेऊन घाट चढणाऱ्याला नेमके हेच पाहिजे असते.

आता टर्बो. सायलेन्सरच्या पाईपातून जो गरम धूर फुकट जातो त्यावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची, त्याचे पेटंट 1905 सालचे. सुझुकीने 1987 साली जपानमध्ये आल्टो वर्क्स ही गाडी काढली. तिचे इंजिन अवघे 543 सीसीचे, पण टर्बोमुळे ताकद 64 हॉर्सपॉवर! भाचा हेच उदाहरण देत होता. मात्र ते इंजिन टर्बोसाठीच बनवलेले होते, आमच्या झेनचे तसे नाही.

फरक कुठे पडतो ते समजून घेण्यासारखे आहे. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना हाताला चटका लागतो तसे. साध्या इंजिनात पिस्टन मिश्रणाला आधीच साधारण नऊपट दाबतो. त्यात टर्बोने आधीच दाबलेली, तापलेली हवा आली की प्लगची ठिणगी पुरती पसरण्याआधी उरलेले मिश्रण आपोआप पेटते. यालाच मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात. हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो, आणि तो चालू राहिला तर पिस्टनला भोक पडते, नाही तर हेड गॅस्केट जाते. म्हणून टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टनचा दाब कमी ठेवतात, पिस्टन मजबूत घालतात, हवा थंड करायला इंटरकूलर लावतात आणि पेट्रोल व ठिणगीचे वेळापत्रक ईसीएममध्ये नव्याने बसवतात. एवढे सगळे केले तर झेनच्या 60 चे 80 हॉर्सपॉवर होतील, म्हणजे एस्टीमच्या इंजिनाजवळच आपण पोहोचलो, तेही जास्त खर्च करून. शिवाय टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि त्याची बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. ऑइल बदलायला उशीर केला, किंवा घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली, की त्याचे आयुष्य घटते. आणि कमी फेऱ्यांवर तो झोपलेलाच असतो, धूर जोरात सुटू लागला की मग जागा होतो. कर्नाळ्याच्या चढणीवर ओझे घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या माणसाला त्याचा काय फायदा?

एवढ्यावर आमचे मन मोठ्या इंजिनाकडे झुकले होते. मिस्त्रीने खर्च दीड लाखाच्या घरात सांगितला होता. पण मग कायदा पाहिला.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. 993 च्या जागी 1298 सीसी आले की हा तपशील जुळत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. सीएनजी किंवा एलपीजीच्या मंजूर किटला कायद्यात वेगळी वाट आहे, टर्बोला नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पीयूसी मिळाली म्हणजे सगळे कायदेशीर झाले असे काही जण समजतात. पीयूसी फक्त धूर मोजते.

दंड एक वेळ भरता येईल. आम्हाला जास्त भीती विम्याची वाटते. खुदा न करो, एखादा अपघात झाला आणि सर्व्हेअरला बॉनेटखाली दुसरेच इंजिन दिसले, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. मग अख्खी भरपाई दुकानाच्या गल्ल्यातून जाईल. गाडी विकतानाही हा ऐब गिऱ्हाइकाला सांगावाच लागेल. लपवून विकलेल्या मालाचा पैसा आपल्याला हलाल नाही, आणि सांगितले तर भाव कोण देणार?

जुने इंजिन पार गेले असेल तर त्याच मॉडेलचे, त्याच सीसीचे आणि त्याच इंधनाचे दुसरे इंजिन बसवणे हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी आधी आरटीओची मंजुरी घ्यावी. मंजुरीशिवाय बदलले गेले असेल तर 14 दिवसांच्या आत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. आपली एमएच-06 ची कचेरी पेणलाच आहे, लांब जायला नको. आमच्या एका नातलगाने हे केले नाही. भंगारवाल्याकडून बिलाशिवाय इंजिन आणले, बसवले आणि विसरला. 15 वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली तेव्हा आरसीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर वेगळा निघाला. इंजिन चोरीच्या गाडीचे नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. सीझनचे तीन महिने गाडी अंगणात उभी राहिली आणि बिचारा एस.टी.ने गाठोडी वाहत होता. सेकंडहँड इंजिन घेताना पक्के बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रीतसर मोडीत काढल्याचा कागद, एवढे हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग आमच्या झेनचे काय? पनवेलच्या एका बुजुर्ग मिस्त्रीने आम्हाला साधा सवाल विचारला: "गाडी नवी होती तेव्हा ही चढण चढत होती ना?" चढत होती, याच ताग्यांसकट. त्यांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण 11 ते 13 किलो दाब दिसतो आणि सिलिंडरा-सिलिंडरात किलोभरापेक्षा जास्त फरक नसावा. आमच्या दोन सिलिंडरांत 8 च्या आत होता. मग त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावला. दाब वाढला. म्हणजे रिंगा झिजल्या आहेत. न वाढता तर व्हॉल्व्हचा दोष धरायचा. क्लच प्लेटही घसरत होती, त्यामुळे आहे ती ताकदही चाकापर्यंत पोहोचत नव्हती. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असला तरी गाडी अशीच दमते, तेही त्यांनी तपासले. तो ठीक निघाला.

रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, क्लच आणि पेट्रोलचे रबरी पाईप मिळून सुमारे 32 हजार रुपये झाले. पाईप बदलण्याचा आग्रह त्यांचाच होता. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि वीस वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. इंजिन नंबर तोच राहिला, आरसीला हात लावावा लागला नाही.

पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवली. तसेही पळस्पे ते पेण या रस्त्याच्या खड्ड्यांनी आम्हाला कित्येक वर्षे हळूच चालायला शिकवले आहे. गेल्या आठवड्यात भिवंडीहून पूर्ण माल भरून आलो. कर्नाळ्याची चढण तिसऱ्या गिअरवर पार झाली. भाचा शेजारी बसला होता. खारपाड्याच्या पुलापर्यंत तो काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "टर्बो असता तर चौथ्यात आलो असतो."