गच्चीवरचा उघडा पाईप

जालन्यात किंवा अंबड, परतूर, भोकरदनच्या कोणत्याही वस्तीत गच्चीवरून आजूबाजूला नजर टाकली, तर पाण्याच्या टाक्यांच्या शेजारी पीव्हीसी पाईपची टोके वर आलेली दिसतात. काहींवर प्लास्टिकची टोपी असते, काहींना जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला असतो, काही उघडीच असतात. संडासाच्या टाकीतला गॅस बाहेर सोडणारा हा पाईप. घराला रंग लागला, वास्तुशांत झाली, की त्याच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. डास मात्र तो अचूक शोधून काढतात.

जालना हा कमी पावसाचा, टँकरची सवय असलेला जिल्हा. नळाला पाणी आले की घरोघरी ड्रम, हौद, रांजण भरून ठेवले जातात. त्यामुळे डास म्हटले की आरोग्य विभागाचे पहिले लक्ष या साठ्यांवर असते. आशा कार्यकर्त्या भांडी तपासतात, अळ्या दिसल्या तर पाणी ओतून द्यायला सांगतात, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा आग्रह धरतात. हे सगळे आवश्यकच आहे. पण भर उन्हाळ्यात, ओढे-नाले कोरडे पडलेले असतानाही, घरातला एक साठा बारा महिने भरलेला असतो आणि तो कधीच ‘कोरडा’ करता येत नाही. पाच माणसांच्या कुटुंबाच्या सेप्टिक टँकमध्ये हजार लिटरहून अधिक सांडपाणी कायम असते. वर स्लॅब, आत काळोख, पाणी संथ. डासांच्या मादीला अंडी घालायला याहून निवांत जागा कुठे मिळणार?

टाकीला पाईप लागतोच कशाला, हे आधी समजून घ्यायला हवे. टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हे वायू घरात येऊ नयेत म्हणून संडासाच्या भांड्याखालच्या वळणात थोडे पाणी साचून राहील अशी रचना असते. प्लंबर त्याला वॉटर सील म्हणतात. वायूंना वर जायला वाट मिळाली नाही, तर ते या पाण्यातूनच बुडबुडे काढत घरात शिरतात. दुसरी अडचण उलट दिशेने येते. बादलीभर पाणी वेगाने खाली उतरताना मागची हवा ओढून घेते. पाईपमधून ती हवा मिळाली नाही, तर सीलचे पाणीच खेचले जाते. संडासात पाणी टाकल्यावर ‘गुडगुड’ आवाज येत असेल, तर हवेची वाट तुंबल्याची शंका घ्यावी. म्हणून पाईपचे टोक पूर्ण बंद करून चालत नाही.

आणि उघडे ठेवूनही चालत नाही. घाण पाण्यात वाढणारा आपल्याकडचा मुख्य डास म्हणजे क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस, रात्री कानाशी गुणगुणणारा. अंडी घालायला तयार झालेली त्याची मादी कुजणाऱ्या मैल्याच्या वासाकडे ओढली जाते. त्या वासातल्या स्कॅटोल नावाच्या रसायनाचा मागोवा ती घेते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. गच्चीवरच्या पाईपमधून नेमका हाच वास वाऱ्यावर पसरतो. मादी पाईपमधून खाली उतरते आणि पाण्यावर शंभर ते तीनशे अंडी एकमेकांना चिकटवून त्यांचा तराफा सोडते. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. टाकीची झाकणे घट्ट असतील, तर त्यांना बाहेर पडायलाही तोच पाईप असतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोगाचे जंतू माणसामाणसांत पोचवणारा डास हाच.

डेंग्यू पसरवणारा एडिस स्वच्छ पाण्यात वाढतो, असे आपण ऐकत आलो. ते बहुतांशी खरेही आहे. पण कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्टो रिको बेटावर या समजुतीला धक्का बसला. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सालिनास भागातल्या एका वस्तीत, कोरड्या ऋतूत, उघड्यावर पाणी साठलेली भांडी फारशी नसतानाही एडिस भरपूर सापडत होते. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा ते सेप्टिक टँकमधून येत असल्याचे दिसले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अंदाज असा, की त्या वस्तीतल्या टाक्यांमधून रोज १८ हजारांहून अधिक एडिस आणि सुमारे १ लाख ७० हजार क्युलेक्स बाहेर पडत होते. तडे गेलेल्या भिंती, सैल झाकणे आणि उघडे पाईप या त्यांच्या वाटा होत्या. पाऊस नाही म्हणून डास नाहीत, असे कोरड्या मुलखात मानता येत नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

उपाय मात्र आफ्रिकेतून आला, आणि तो अगदी साधा होता. झिम्बाब्वेतल्या (तेव्हाचा ऱ्होडेशिया) ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी १९७५ मध्ये एकाच पद्धतीचे, प्रत्येकी एका खड्ड्याचे, दोन संडास तपासले. एकाला पाईप नव्हता. दुसऱ्याला उंच पाईप होता आणि त्याच्या तोंडावर बारीक जाळी. ७८ दिवसांत पहिल्यातून १३,९५३ माश्या पकडल्या गेल्या, दुसऱ्यातून फक्त १४६. या रचनेचे संडास पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत बांधले गेले आणि २०१३ मध्ये मॉर्गन यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. माश्या उजेडाकडे झेपावून जाळीखाली अडकतात; क्युलेक्स उजेडाला तितके भुलत नाहीत. त्यामुळे डासांसाठी पाईपच्या जाळीबरोबर टाकीच्या झाकणांच्या फटीही सिमेंटने बुजवाव्या लागतात.

आता प्रश्न जालन्याच्या गच्चीवरच्या टोपीचा. हार्डवेअरच्या दुकानात ‘काऊल’ म्हणून मिळणाऱ्या टोपीच्या फटी सहसा काही मिलिमीटर रुंद असतात. पाने, साळुंक्यांची काडीकचऱ्याची घरटी, मुलांनी टाकलेले खडे यांपासून ती पाईप वाचवते. डास त्या फटींतून सहज आतबाहेर करतात. त्यांना अडवायचे, तर जाळीचे छिद्र १.२ ते १.५ मिलिमीटरचे हवे. याहून बारीक विणीतून हवा कमी जाते, शिवाय धूळ आणि कोळिष्टके लवकर अडकतात. जुन्या साडीचा किंवा ओढणीचा एक पदर उघड्या पाईपपेक्षा कितीतरी बरा. पण कापडाचे चार पदर घट्ट आवळले, तर हवा कोंडते, वास पुन्हा संडासात येतो आणि घरातले कोणीतरी ते कापड काढून फेकते.

जाळी कशाची, यालाही महत्त्व आहे. हायड्रोजन सल्फाइड साध्या लोखंडी जाळीला पाहता पाहता गंजवतो. स्वस्त नायलॉनची जाळी मराठवाड्याच्या उन्हात ठिसूळ होऊन फाटते, आणि फाटलेली जाळी खालून दिसत नाही. स्टेनलेस स्टीलची जाळी सर्वांत जास्त टिकते. पाईपच्या तोंडाला हातभर जाळी पुरते. ती तोंडावर बसवून स्टीलच्या क्लॅम्पने आवळावी, टोपी असेल तर तिच्या आतून घ्यावी आणि पावसाळ्याआधी एकदा ब्रशने झाडावी. नायलॉन वापरली असेल, तर तेव्हाच ती बदलावी.

सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक ब्यूरोची संहिता, आयएस २४७०, १९८५ पासूनच्या आवृत्तीत हेच सांगते: पाईप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा आणि त्याच्या टोकाला डासप्रतिबंधक जाळी असावी. नियम आहे, वस्तू स्वस्त आहे, काम अर्ध्या तासाचे आहे. तरीही टाकीचा खड्डा, स्लॅब आणि फरशी यांचा हिशेब होतो आणि जाळी राहून जाते.

जिथे संडास नव्याने बांधायचा आहे, तिथे तर पाईपचा प्रश्नच टाळता येतो. स्वच्छ भारत अभियानात शिफारस केलेल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासात वायू आजूबाजूच्या मातीत मुरतात, म्हणून त्याला गॅस पाईप लागत नाही. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिल्यात खत होऊ द्यायचे. मात्र शहरात, जागेच्या टंचाईत, आणि ज्यांनी आधीच टाकी बांधली आहे त्यांच्यासाठी जाळी हाच मार्ग उरतो. डासअळ्यांच्या सर्वेक्षणाला घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तक्त्यात ड्रम, हौद, कुंड्या आणि टायर यांच्याखाली ‘पाईपला जाळी आहे का’ असा एक रकाना वाढवला आणि ग्रामपंचायतीने जूनच्या आधी जाळी मिळवून दिली, तर गावभर हे काम एका आठवड्यात उरकू शकते.