केरसुणीला जोड हवी, पण कोणती?

घर म्हटले की केर आला आणि केर आला की तो काढणारे हात आले. हे हात बहुधा घरातल्या स्त्रीचे असतात आणि ते थकले आहेत हे इतरांच्या ध्यानात बहुधा उशिराच येते. आमच्या घरी तसेच झाले.

वडोदऱ्यातील आमचे घर जुन्या वस्तीतले. पुढे ओटला, मग ओसरी, झोपाळ्याची खोली, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पहाटे साडेपाचला उठून सारे घर झाडायचे, स्नान करायचे आणि मगच देवापुढे दिवा लावायचा, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. केर न काढलेल्या घरात दिवा लावणे त्यांच्या मनाला पटत नाही. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी वाकण्याची सक्त मनाई केली. कामाला येणाऱ्या मावशी दहा वाजता येतात. पहाटे उठून आम्ही झाडू म्हटले, तर सुनेची झोप मोडून केलेली पूजा त्यांना गोड लागेना. आठवडाभर त्यांनी कोणाला न सांगता, भिंतीला धरून केर काढला. ते आमच्या दृष्टीस पडले त्या दिवशी आम्ही ठरविले की, आपोआप फिरून केर ओढणारे ते रोबो यंत्र घ्यायचेच.

ठरविणे सोपे होते; निवडणे कठीण गेले. त्या निवडीत आम्ही काय शिकलो आणि कोठे चुकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घोडागाडीपासून चकतीपर्यंत

हवेच्या ओढीने धूळ खेचण्याची कल्पना जुनी आहे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने असे यंत्र केले, तेव्हा ते एवढे अवाढव्य होते की घोडे जोडून रस्त्यावरून न्यावे लागे. ते दाराशी उभे करून लांब नळ्या खिडकीतून घरात सोडीत. पुढे १९०८ साली अमेरिकेतील जेम्स मरे स्पँग्लर याला हाताने फिरविता येईल अशा विजेच्या यंत्राचे पेटंट मिळाले. माणसाशिवाय फिरणारे यंत्र घरात येण्यास मात्र शतक लोटले. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचे 'ट्रायलोबाइट' २००१ साली विक्रीस आले आणि २००२ साली अमेरिकेतील आयरोबोट कंपनीचे 'रूम्बा' आले. आज भारतात यांचे अनेक प्रकार मिळतात. साधे यंत्र वीस हजारांच्या आसपास, तर स्वतःचा केर स्वतः रिकामा करणारे त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडते. एवढा पैसा घालायचा तर आधी विचार हवा.

आधी घर मोजा, मग यंत्र पाहा

दुकानात जाण्यापूर्वी हातात मोजपट्टी घ्यावी. यंत्राची चकती साधारण पस्तीस सेंटिमीटर रुंद आणि नऊ-दहा सेंटिमीटर उंच असते. पलंग, दिवाण आणि कपाट यांच्याखाली तेवढी जागा आहे काय, हे पाहावे. खाली फळी ठोकलेला पेटीचा पलंग असेल, तर त्याखाली जाण्याचा प्रश्नच नाही.

दुसरे माप उंबरठ्याचे. बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा ओलांडतात. आपल्या जुन्या घरांतले उंबरठे त्याहून उंच असतात, आणि ज्यावर सणावारी हळदकुंकू वाहिले जाते तो उंबरठा यंत्रासाठी कोण काढील? आमच्या घरी माजघराचा उंबरठा तीन इंच आहे. म्हणजे यंत्र उचलूनच पलीकडे ठेवावे लागते. सदनिकेत राहणाऱ्यांना ही अडचण नाही. वाड्यात राहणाऱ्यांनी ती आधीच हिशेबात धरावी.

तिसरी गोष्ट फरशीची. बेळगाव-हैदराबादकडे शहाबादी, इंदूर-ग्वाल्हेर आणि आमच्याकडे कोटा, जुन्या घरांत मोझेक. या साऱ्यांवर यंत्र सुखाने चालते. फक्त शहाबादीच्या खोल सांध्यांत बारीक माती राहते. काळ्या फरशीपाशी मात्र सावध असावे. जिन्यावरून पडू नये म्हणून यंत्राच्या पोटाशी अदृश्य प्रकाश सोडणारे संवेदक असतात. खालून प्रकाश परत आला तर जमीन आहे, न आला तर खड्डा आहे, असे ते समजतात. काळा दगड प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे काळ्या कडप्प्याच्या पट्टीपाशी येऊन काही यंत्रे खोल दरी पाहिल्यासारखी थबकतात. घरात अशी पट्टी असेल, तर घेण्यापूर्वी यंत्र घरी आणून चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा.

यंत्राला दिसते कसे?

आरंभीची यंत्रे आंधळ्या माणसासारखी होती. धडकायचे, वळायचे, पुन्हा धडकायचे. खोली शेवटी झाडली जाई, पण एक कोपरा तीनदा आणि दुसरा एकदाही नाही असे होई. आजही स्वस्त यंत्रांत याच्याच थोड्या सुधारलेल्या आवृत्त्या मिळतात. दुसऱ्या प्रकारात डोक्यावर छोटा मनोरा असतो. त्यातून लेझरचा किरण चहूकडे फिरतो आणि घराचा नकाशा तयार होतो. असे यंत्र ओळीने, शेत नांगरावे तसे चालते आणि अंधारातही चुकत नाही. तिसऱ्या प्रकारात कॅमेरा असतो. केवळ त्यावर विसंबणाऱ्या यंत्राला उजेड लागतो.

आम्हांस पहाटेच्या अंधारात चालणारे हवे होते, म्हणून लेझरचे घेतले. त्या निवडीचा पश्चात्ताप झाला नाही. आरसा आणि काच मात्र लेझरलाही फसवितात. आमचे यंत्र झोपाळ्याच्या खोलीतील मोठ्या आरशापुढे पहिले दोन दिवस घुटमळत असे.

आकड्यांचा मोह

विक्रेता पहिल्यांदा सांगतो तो पास्कलचा आकडा. पास्कल हे दाबाचे माप आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब एक लाखाहून थोडा अधिक पास्कल असतो. म्हणजे पाच हजार पास्कलचे यंत्र त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढी ओढ निर्माण करते. पण हा आकडा सर्वांत जोराच्या गतीचा असतो. त्या गतीला आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर संपते. जाड गालिच्यातील धूळ उपसण्यास ओढ लागते. उघड्या फरशीवर बेताची ओढ आणि चांगला ब्रश पुरतो. आपल्याकडे गालिचे थोडे, फरशी फार. तेव्हा केवळ आकडा मोठा म्हणून दहा हजार रुपये अधिक देण्याचे कारण नाही. त्यापेक्षा हळू गतीला आवाज किती होतो, ते कानाने ऐकावे. पहाटे मुले निजलेली असताना ते अधिक उपयोगी पडते.

पुसण्याविषयीही असेच. यंत्राखाली ओले फडके लावण्याची सोय अनेकांत असते. त्याने धुळीचा थर निघतो. पण स्वयंपाकघरातील तेलाचा डाग किंवा सांडलेल्या आमटीचा ओघळ साध्या ओढत्या फडक्याने निघत नाही. फिरती फडकी असलेली यंत्रे बरी. त्यांनाही हाताची सर नाही. आमच्याकडे गुजरातीच्या सहवासाने ज्याला 'कचरा-पोतां' म्हणतात, त्यांतले पहिले काम यंत्राचे आणि दुसरे बव्हंशी माणसाचेच, असे धरून चालावे.

आमची चूक

एवढे सारे पाहूनही आम्ही मुख्य गोष्टीत चुकलो. यंत्र घरी आले, चालले, घर लख्ख झाले. मग केराची डबी रिकामी करण्याची वेळ आली. यंत्र जमिनीवर, डबी यंत्रात, आणि ती काढायची तर वाकणे आलेच! ज्यांचे वाकणे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांनाच रोज वाकावे लागणार होते. थोडे अधिक पैसे घालून आपल्या ठाण्यावर परतून केर मोठ्या पिशवीत टाकणारे यंत्र घेतले असते, तर ती पिशवी काही आठवड्यांनी आम्हीच बदलली असती. आम्ही ओढीच्या आकड्याला पैसे मोजले, गुडघ्यांना मोजले नाहीत. आता डबी रात्री निजण्यापूर्वी आम्ही रिकामी करून ठेवतो. माजघरही यंत्र उचलून रात्रीच झाडून घेतो. पण हा तोडगा झाला, निवड नव्हे.

दुसरी चूक भाषेची. सारा कारभार मोबाइलच्या अ‍ॅपवर, आणि यंत्र बोलते इंग्रजीत. सासूबाई मराठी वाचतात, गुजराती वाचतात. ते अ‍ॅप त्यांच्या कामाचे नव्हते. सुदैवाने यंत्राच्या पाठीवर एक बटण होते. पायाच्या अंगठ्याने दाबा म्हटले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. केर काढणाऱ्या वस्तूला पाय लावायचा? शेवटी त्यांनी काठीचे टोक पुढे केले आणि बटण दाबले. आता रोज पहाटे साडेपाचला काठीचा टक् असा आवाज होतो आणि यंत्र निघते. म्हणून आमचे सांगणे असे की, घरात वडीलधारे असतील तर पाठीवर ठसठशीत बटण असलेलेच यंत्र घ्यावे.

घराचा नकाशा आणि कंपनीचे आयुष्य

यंत्र घराचा नकाशा काढते, तो कोठे जातो हे विचारणे आपला अधिकार आहे. आयरोबोटच्या चाचणीच्या यंत्रांनी टिपलेली घरांतील खाजगी छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोचल्याचे २०२२ साली उघडकीस आले. ती विक्रीची यंत्रे नव्हती, तरीही सावधगिरी हवीच. आम्ही कॅमेरा नसलेले घेण्याचे हेही एक कारण.

शिवाय कंपन्याही अमर नसतात. लेझरने नकाशा काढणारी यंत्रे घरोघरी नेणाऱ्या आरंभीच्या कंपन्यांपैकी निएटो ही २०२३ साली बंद झाली. रूम्बा करणाऱ्या आयरोबोटलाही डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तेव्हा इंटरनेटवाचून यंत्र चालते काय, ब्रश, गाळणी आणि बॅटरी आपल्या गावात मिळतात काय, दुरुस्तीचे केंद्र कोठे आहे, हे आधी विचारावे. आमच्या यंत्राचा बाजूचा ब्रश उत्तरायणात मोडला. पतंगाचा मांजा गच्चीवरून मुलांच्या पायांबरोबर घरात आला आणि ब्रशाभोवती असा आवळला की कात्रीनेही सुटेना. नवा ब्रश येण्यास तीन आठवडे लागले. त्या काळात सासूबाई पुन्हा भिंतीला धरून झाडू लागल्या होत्या. ब्रशांची एक जादा जोडी घरात असावी, हे शहाणपण आम्हांस तेव्हा आले.

मावशींचा प्रश्न

एक गोष्ट कोणत्याही विक्रेत्याने आम्हांस विचारली नाही, ती मावशींनी विचारली. यंत्र पाहून त्या क्षणभर दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बेन, आता माझे काम राहील ना?"

चौदा वर्षे त्या आमच्याकडे येत आहेत. त्यांच्या पगारातला केराचा हिस्सा कापला असता, तर वर्षा-दीड वर्षात यंत्राची किंमत वसूल झाली असती. हा हिशेब आमच्या मनात येऊन गेला हे आम्ही लपवीत नाही. पण एका बाईच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या यंत्राने दुसरीच्या चुलीतला विस्तव काढून घ्यावा, हे आम्हां कोणालाच रुचले नाही. पगार तोच ठेवला. केराऐवजी पंखे, खिडक्यांचे गज आणि कपाटांमागचे कोपरे, जेथे यंत्र जन्मात पोचणार नाही, ती कामे त्या करतात. वाकून काढायचा केर कमी झाल्याने त्यांची पाठही बरी आहे, असे त्या म्हणतात. प्रत्येक घरचा हिशेब निराळा असेल. पण यंत्र घेण्यापूर्वी हा प्रश्न घरात एकदा मोकळेपणाने बोलला जावा.

सारांश, पहिला प्रश्न "कोणते यंत्र?" हा नव्हे, तर "कोणासाठी?" हा आहे. नोकरी करणाऱ्या जोडप्याला वेळ ठरवून चालणारे हवे. घरी मांजर-कुत्रे असेल, तर केस न गुंतणारा ब्रश हवा. गुडघे दुखणाऱ्या आजींना केर स्वतः रिकामा करणारे हवे. आणि दोनच खोल्या असतील, धडधाकट हात असतील, तर चांगली केरसुणीच पुरे. यंत्र नसल्याने कोणाचे काही अडत नाही.

यंत्राला काय कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गेल्या दिवाळीत ओटल्याचे दार उघडे राहिले आणि मुलींनी दोन तास खपून काढलेल्या रांगोळीतून ते सरळ निघून गेले. मुली रडल्या, सासूबाई हसल्या. "त्याला केर आणि रांगोळी सारखीच," त्या म्हणाल्या, "म्हणून लक्ष असावं माणसाचं." त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला रीतीप्रमाणे नवी केरसुणी पाटावर मांडली. हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यांनी एक बोट कुंकवात बुडवून आमच्याकडे पुढे केले. त्यांना वाकता येत नव्हते. यंत्राला टिळा आम्ही लावला.